रविवारी मॅच असेल तर मुलाला पाठवायचं का?

इथे अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्मन (ख्रिस्ती धर्माशी नातं सांगणारा एक पंथ) कुटुंबांकडून हा प्रश्न माझ्याकडे दर हंगामात येतो. त्यांचा रविवार म्हणजे शब्बाथ: चर्च, घर, विश्रांती. आणि क्लब सॉकरच्या स्पर्धांची फायनल अनेकदा रविवारी असते.

पंधरा वर्षांच्या एका गोलकीपरला घेऊन आई-वडील आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). आई म्हणाली, "एकदा सूट दिली की हा चर्चपासून तुटेल. नाही म्हटलं तर आमच्यावर कायमचा राग धरेल." वडील एली हेरिंगचा दाखला देत. १९९५ मध्ये रेडर्स या व्यावसायिक संघाने निवडूनही रविवारी खेळायचं नाही म्हणून त्याने व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल नाकारला आणि शाळेत गणित शिकवलं. मुलगा लगेच स्टीव्ह यंगचं नाव घेई. तोही मॉर्मन, पण रविवारी खेळला आणि त्याच वर्षी जानेवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला.

धर्माचा निवाडा करणं माझं काम नाही. पण त्यांच्याच चर्चचे एक ज्येष्ठ नेते रसेल नेल्सन २०१५ च्या चर्चच्या परिषदेत काय बोलले, याची मी आठवण करून दिली. काय चालतं, काय नाही याच्या याद्या करत बसण्यापेक्षा, आपल्या वागण्यातून देवाला कोणती खूण द्यायची आहे, हे स्वतःला विचारावं. हा प्रश्न आई-वडील मुलाच्या वतीने कसा सोडवणार?

मग मुलाशी एकट्याशी बोललो. तो शिन गार्डचा (नडगीवरच्या संरक्षक पट्टीचा) पट्टा सारखा उघडत-लावत होता. "बंदीचा राग नाही," तो म्हणाला, "पण घरी शनिवारी रात्री भांडण होऊन ठरतं आणि सकाळी टीमला गोलकीपर नसतो. त्याची लाज वाटते." थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाला, की रविवारी सॅक्रमेंटसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रसादासारख्या विधीसाठी, पाव आणि पाण्याचे ट्रे लावायचं काम त्याच्याकडे असतं आणि ते त्याला मनापासून आवडतं. आई-वडिलांनी हे कधी ऐकलंच नव्हतं, कारण घरात बोलणं नेहमी परवानगीचंच.

पालकांना मी हेच सांगतो: क्लबचा फॉर्म भरण्याआधी वेळापत्रक मागवा आणि रविवारचं तेव्हाच, मुलाच्या तोंडून ठरू द्या. या मुलाने कोचला स्वतः कळवलं: शनिवारी पूर्ण खेळेन, रविवारी नाही, दुसरा गोलकीपर तयार ठेवा. कोचने मान्य केलं, मात्र पहिल्या अकरात जागेची हमी दिली नाही. मुलाने तेही स्वीकारलं.

वडील खूश झाले. मी त्यांना विचारलं, "पुढच्या वर्षी त्याने उलटं ठरवलं तर?" त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.