मुलीला मानसशास्त्र घेऊ द्यावं का?

ताई, नमस्कार.

तासगावहून आलेलं तुमचं चार पानी पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. बायोलॉजी आवडतं, पण नीटची तयारी तिनं अर्ध्यात सोडली आणि आता ‘मानसशास्त्रच करायचं’ म्हणून हटून बसली आहे. कारण विचारलं तर म्हणते, मैत्रिणी आपल्या अडचणी मलाच सांगतात, मला माणसं कळतात. एका ठिकाणी साडेचार हजार रुपये भरून तुम्ही तिच्या दहाही बोटांचे ठसे तपासून घेतलेत. अहवालात ‘उजवा मेंदू प्रबळ, समुपदेशनास योग्य’ असं आलं. तिचे बाबा विचारतात, हे शास्त्र आहे की तत्त्वज्ञानाच्या गप्पा? आणि आत्याबाईंना काळजी, की वेड्यांची डॉक्टरीण झाली तर स्थळं कोण आणणार.

अहवालापासून सुरुवात करू, कारण पैसे तिथं गेलेत.

बोटांवरच्या रेघा बाळ पोटात असतानाच पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. मुलीची आवड, अभ्यासाची सवय, भाषा, गणिताची भीती हे सगळं नंतर घडत जातं. ठशांवरून माणूस ओळखता येतो, त्याचा कल नाही. उजव्या-डाव्या मेंदूची गोष्ट अर्ध्या सत्यावर उभी आहे. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं बरंचसं काम डाव्या बाजूला चालतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ मध्ये तसा रुग्ण दाखवून दिला होता. पुढं दोन्ही अर्धगोलांमधला दुवा कापलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी केलेल्या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. पण एखादं काम एका बाजूला जास्त चालतं म्हणून अमुक माणूस ‘उजव्या मेंदूचा’ ठरत नाही. दुवा शाबूत असलेल्या आपल्यासारख्यांचे दोन्ही भाग सतत एकमेकांशी बोलत असतात. आपण मेंदू दहा टक्केच वापरतो, हेही असंच एक पिल्लू. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के भरणारा हा अवयव शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा खातो. नव्वद टक्के रिकामटेकडा अवयव इतका खर्च कशाला करील?

मग अहवाल वाचून ‘अगदी आमचीच पोर’ असं का वाटलं? बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात ‘तुझं वर्णन’ म्हणून कागद दिला. ते किती जुळतं याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. नंतर कळलं की सगळ्यांचा कागद एकच होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘तुमच्यात क्षमता आहे, पण तुम्ही ती पुरती वापरत नाही.’ हे कुणाला लागू होणार नाही?

तो अहवाल फाडू नका, उपयोगाचा आहे. मुलीला त्यातली सहा-सात वाक्यं कोऱ्या कागदावर उतरवून काढायला सांगा आणि गल्लीतल्या पाच जणांना ‘हे तुमचं वर्णन, किती जुळतं?’ म्हणून विचारू दे. गुण लिहून घ्यायचे आणि मगच खरं काय ते सांगायचं. खरं सांगणं टाळायचं नाही, तो प्रयोगाचाच भाग आहे. यात तिला मजा आली तर ती खूण त्या ठशांपेक्षा मोलाची समजा.

आता बाबांचा प्रश्न. तो त्यांनी टोमणा म्हणून विचारला असला तरी प्रश्न चांगला आहे. मानसशास्त्राचं मूळ तत्त्वज्ञानातच आहे. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं मानली आणि मग ती एकमेकांना हलवतात कशी या पेचात तो अडकला. मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीत त्यांची गाठ पडते, असं उत्तर त्यानं दिलं. ते चुकलं, पण प्रश्न अजून जिवंत आहे. ‘टेन्शनमुळं पोट बिघडलं’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्याच पेचात पाय टाकतो.

आपल्याकडंही हा विचार फार बारकाईनं झाला आहे. न्यायदर्शन, म्हणजे तर्कावर भर देणारी आपली जुनी तत्त्वज्ञान-परंपरा, सांगतं की एका वेळी अनेक ज्ञानं उपजत नाहीत, हीच मन असल्याची खूण. डोळा, कान, नाक तिघंही उघडे असले तरी मन एका क्षणी एकाशीच जोडलेलं असतं. सगळं एकदम होतंय असं वाटतं, कारण फेरा फार वेगात चालतो. दाखला कोलिताचा दिला आहे: पेटतं कोलीत गरगर फिरवलं की आगीचं अखंड कडं दिसतं, प्रत्यक्षात ते एका वेळी एकाच जागी असतं. पुस्तक उघडं ठेवून मोबाईलवर चॅट करणारी पोरं ‘आम्ही दोन्ही करतो’ म्हणतात, तेव्हा ती कोलिताचंच कडं पाहत असतात. लक्ष दोन्हीकडं नसतं, ते इकडून तिकडं उड्या मारतं आणि दर उडीला वेळ खातं. न्यायवाल्यांचं सगळं मत आजच्या प्रयोगांशी जुळतं असं नाही, पण प्रश्न तोच आहे.

मग ‘शास्त्र’ कुठून आलं? कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं म्हणणं असं, की मनाच्या घडामोडींना गणित लावता येत नाही, म्हणून मानसशास्त्र खरं विज्ञान होऊ शकत नाही. ही अडचण फोडली जर्मनीतल्या वेबर आणि फेखनर यांनी. तुमच्याकडच्याच मालावर सांगतो. पंधरा किलोच्या बेदाण्याच्या बॉक्समधून मूठभर, म्हणजे पन्नासेक ग्रॅम, काढून घ्या. उचलणाऱ्याला पत्ता लागणार नाही. तेच पन्नास ग्रॅम पाव किलोच्या पुडीतून काढले तर हाताला लगेच कळेल. वेबरला दिसलं ते हे, की फरक जाणवायला किती वजन लागेल ते मूळ वजनाच्या प्रमाणात ठरतं. उचलून पाहताना हा फरक साधारण दोन टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे मनातली ‘जाणीव’ ग्रॅममध्ये पकडता आली. फेखनरनं १८६० मध्ये यावर ग्रंथ लिहिला, १८७९ मध्ये विल्हेल्म वुंटनं लायप्झिगला प्रयोगशाळा उभी केली, आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जाऊ लागला. बाबांना एवढंच सांगा: प्रश्न तत्त्वज्ञानाचे आहेत, उत्तरं शोधायची रीत प्रयोगाची आहे.

मुलीचं ‘मला माणसं कळतात’ हे नेमकं इथंच अडखळतं. पहिल्या वर्षापासून हा विषय तिला उलटं शिकवणार: आपल्याला कळलंय असं वाटणं आणि खरंच कळणं यात अंतर असतं, आणि ते मोजावं लागतं. आठवण म्हणजे व्हिडिओ नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्नात ‘आदळल्या’ अशा जोरकस क्रियापदाऐवजी ‘एकमेकींना लागल्या’ असं सौम्य क्रियापद घातलं, तर त्याच फिल्ममधल्या गाड्यांचा वेग लोकांनी कमी सांगितला. समुपदेशक होणाऱ्या मुलीला ही धास्ती हवीच, कारण समोरच्याच्या आठवणीत ती आपल्या प्रश्नानंच भर घालू शकते. मैत्रिणी मन मोकळं करतात हा गुण आहे, पात्रता नव्हे.

या विषयाची चव घरीच पाहता येते. सुताराकडून ७० सेंटिमीटरच्या दोन बारीक लाकडी पट्ट्या आणा आणि त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. मुलीनं टेबलाच्या कडेवर हात टेकून पंजा बाहेर काढायचा, अंगठा आणि तर्जनी यांत दोन सेंटिमीटर फट ठेवायची. पट्टीचं शून्य बरोबर त्या फटीत आणायचं. तुम्ही वरचं टोक धरायचं आणि न सांगता सोडायचं. तिनं पकडली की अंगठ्याच्या वरच्या कडेपाशी किती सेंटिमीटर आले ते लिहायचं. पट्टी १५ सेंटिमीटर घसरली तर ०.१७ सेकंद, २० ला ०.२०, २५ ला ०.२३ आणि ४५ ला ०.३० सेकंद लागले. वीस वेळा करा, पहिल्या पाच सरावात सोडून द्या आणि उरलेल्या पंधरांची सरासरी काढा. मग दुसरी फेरी: दोन्ही हात, दोन पट्ट्या. सोडायची एकच, पण कुठली ते आधी कळता कामा नये. ज्या बाजूची सुटेल तोच हात मिटायचा. आता पट्टी बरीच खाली जाईल. साध्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर हे जमणार नाही, ती निसटून जमिनीवर पडेल, कारण ३० सेंटिमीटर म्हणजे जेमतेम पाव सेकंद. दोन फेऱ्यांच्या वेळांतली वजाबाकी म्हणजे ‘कुठला हात?’ हे ठरवायला मनाला लागलेला वेळ. डाँडर्स या डच शास्त्रज्ञानं १८६८ मध्ये मांडलेली ही वजाबाकीची रीत आहे. तिच्यावर पुढं आक्षेपही आले, तेही तिनं वाचावेत.

यात गडबड होते ती अशी. सोडणारा दर वेळी तीन मोजून सोडतो, आणि पकडणारा पट्टी न पाहता अंदाजानं मिटतो; मग सात-आठ सेंटिमीटर असा अशक्य आकडा येतो. थांबायचा वेळ एक ते पाच सेकंदांत बदलता ठेवा. दुसरी फेरी नेहमी शेवटी घेतली तर दमणं किंवा सराव यांचा परिणाम तिच्यात मिसळतो, म्हणून पाच-पाच प्रयत्न आलटूनपालटून घ्या. आकडे वरखाली होतील. ‘का होतात?’ म्हणून पोरगी वहीत डोकं घालून बसली तर तिला पाठवा. दहाव्या पट्टीलाच कंटाळली आणि ‘यात माणसं कुठं आहेत?’ म्हणाली, तर बी.ए.ची प्रात्यक्षिकं, जर्नल आणि संख्याशास्त्र तिला जड जाणार. समाजकार्याचा अभ्यासक्रम तिला जास्त मानवेल, आणि तो काही खालचा नाही.

आता वाट. बी.ए. मानसशास्त्राला कुठल्याही शाखेची बारावी चालते. बायोलॉजी झालेलं असेल तर मेंदूचा भाग सोपा जातो. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे येतात, पण सगळ्या कॉलेजांत हा विषय शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य म्हणून मिळत नाही. काही ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरताच असतो, आणि तिसऱ्या वर्षी पोरं अडकतात. प्रवेशाआधी एक दिवस एसटीनं जा, विभागप्रमुखांना हे सरळ विचारा आणि प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. मेमरी ड्रम (पाठांतराच्या प्रयोगासाठी एकेक शब्द दाखवणारं यंत्र), स्टॉपवॉच, आरशात पाहून रेखाटन करायचं उपकरण, म्युलर-लायर भ्रमाचा (सारख्याच रेषा लहान-मोठ्या भासतात त्याचा) बोर्ड एवढं दिसायला हवं. वस्तूंवर धूळ किती आहे तेही नजरेनं टिपा.

पुढं एम.ए. आणि त्यानंतर फाटे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. नुसतं एम.ए. पुरत नाही. इतकी वर्षं हा अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. आता एम.फिल. पदवीच बंद होत आहे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६ पर्यंत सवलत दिली आणि आरसीआयनं नवे अभ्यासक्रम आणलेत. तुमची मुलगी तिथं पोचेपर्यंत आजची नावं राहिलेली नसतील. म्हणून पदवीचं नाव पाठ करण्यापेक्षा त्या वर्षी त्या संस्थेला आरसीआयची मान्यता आहे का, एवढंच परिषदेच्या संकेतस्थळावर पाहायचं. नोंदणीशिवाय हे काम करण्याबद्दल १९९२ च्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. दोन दिवसांची कार्यशाळा करून ‘थेरपिस्ट’ची पाटी लावणारे सध्या बरेच दिसतात, तसली प्रमाणपत्रं विकत घेऊ नका.

आणखी एक खड्डा, कारण पत्रात तुम्ही ‘घरी बसून बाहेरून एम.ए. करता येईल का’ असं विचारलंय. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितलेत. कुणी अजून प्रवेश देत असेल तर पैसे भरू नका.

काम कुठं मिळतं? सीबीएसई शाळांत समुपदेशक नेमावा लागतो, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात चाचण्या आणि प्रशिक्षणाचं काम असतं, नेट किंवा सेट देऊन प्राध्यापकी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पदं असतात, बहुधा कंत्राटी. नोंदणी होईपर्यंत सहा-सात वर्षं धरून चला, आणि त्या काळात कमाईची आशा धरू नका.

औषधं लिहून द्यायची असतील तर मात्र वाट वेगळी: नीट, साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग तीन वर्षांचं एम.डी. ते मनोविकारतज्ज्ञ. नीट अर्ध्यात का सोडली, फिजिक्सच्या धास्तीनं की मनातून, हे तिच्याकडून एकदा नीट काढून घ्या. धास्तीनं सोडली असेल तर मानसशास्त्र ही तिची आवड नसून पळवाट असू शकते.

आत्याबाईंना सांगा की मानसशास्त्र शिकलेली माणसं कुणाच्या मनातलं ओळखत नाहीत, त्यामुळं पाहायला आलेल्या पाहुण्यांनी घाबरायचं कारण नाही. आणि अहवालाचा तो कागद वाटताना पाच जणांत त्यांनाही धरा. आत्याबाई पाचपैकी किती गुण देतात ते मला जरूर कळवा.