टर्किश मार्चच्या आधीचे दोन भाग

प्रश्न : माझी मुलगी कीबोर्ड शिकते. तिने मोझार्टचा 'टर्किश मार्च' बसवला आहे, पण पुस्तकात त्यावर 'सोनाटा, तिसरा भाग' असे छापले आहे. आधीचे दोन भाग कोणते, आणि ते न ऐकता हा वाजवला तर काही हरवते का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : हरवते, असेच माझे मत आहे. सोनाटा म्हणजे वाद्यासाठी रचलेली, अनेक भागांची रचना. 1784 मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झालेला हा सोनाटा मोझार्टच्या रचनांच्या कोखेलने केलेल्या सूचीत 331 व्या क्रमांकावर आहे. त्या काळातील सोनाट्याचा पहिला भाग बहुधा द्रुत असे आणि त्यात दोन विषय, म्हणजे मुख्य धुना, मांडून, त्यांचा विस्तार करून, पुन्हा मूळ जागी येण्याची रीत असे. येथे मोझार्टने ती रीत सोडली आहे. पहिल्या भागात एक संथ, झुलती धून आहे आणि तिची सहा रूपांतरे आहेत. दुसरा भाग मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांच्या दरबारी नृत्याचा, आणि तिसरा तुमच्या मुलीचा मार्च.

आपल्या कानाला यातली एक गोष्ट चटकन उमगेल. तिन्ही भागांचा षड्ज एकच, पांढरी सहा ही पट्टी, आहे. मिन्युएटच्या मधल्या तुकड्यात मात्र तो मध्यमावर, म्हणजे पांढऱ्या दोनवर, सरकतो. पहिल्या भागातील तिसऱ्या रूपांतरात षड्ज तोच राहतो, पण गंधार कोमल होतो आणि धुनेवर एकदम सावली पडते. मार्चची सुरुवातही त्याच कोमल गंधाराने होते आणि पुढे गंधार शुद्ध झाला की सारे उजळते. ज्याने ते रूपांतर आधी ऐकले आहे, त्याला हा बदल ओळखीचा वाटतो. नुसता मार्च ऐकणाऱ्याला ती ओळख मिळत नाही.

'टर्किश' म्हणजे ऑटोमन, म्हणजे तुर्की, सैन्याच्या वाद्यवृंदाची नक्कल. मोठा ढोल आणि झांजा असलेल्या त्या संगीताचे व्हिएन्नात तेव्हा वेड होते. मोझार्टचीच तुर्की पार्श्वभूमीची संगीतिका 1782 मध्ये तेथे रंगमंचावर आली होती. मार्चच्या शुद्ध गंधाराच्या भागात डाव्या हाताचे स्वर एकदम न पडता झरकन एकामागून एक पडतात, तो ढोलाचा घाव आहे. कानबाईच्या मिरवणुकीत ढोलाच्या जवळून चालणाऱ्या खान्देशातील मुलीला तो समजावून सांगावा लागणार नाही. मात्र मोझार्टने येथे 'अलेग्रेट्टो', म्हणजे बेताची द्रुत लय, सांगितली आहे. पुष्कळ विद्यार्थी वेगाच्या हौसेने हा मार्च धावत वाजवतात आणि नेमका तोच घाव पुसला जातो.

तिला आता पहिल्या भागातील मूळ धून द्या. ती बोटांना मार्चपेक्षा सोपी आहे. तिसऱ्या रूपांतरात उजव्या हाताला सप्तकाचा ताण पडतो, त्यामुळे हात लहान असेल तर ते सध्या फक्त ऐकू द्या.