अंडाशयाच्या कर्करोगात जगण्याची शक्यता स्टेजवर ठरते की गाठीच्या प्रकारावर?

दोन्हींवर, पण सगळ्यात जास्त आढळणाऱ्या एपिथेलियल प्रकारात (आवरणाच्या पेशींपासून होणारा) स्टेजचं पारडं जड. अमेरिकेतल्या 'सीअर' कर्करोग नोंदणीनुसार हा प्रकार अंडाशयापुरता असताना सापडला, तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण (त्याच वयाच्या इतर बायकांच्या तुलनेत) ९० टक्क्यांच्या वर. दूरवर पसरल्यावर जेमतेम ३० च्या आसपास. जर्म सेल गाठी (स्त्रीबीज तयार करणाऱ्या पेशींच्या) बहुधा तरुण मुलींत होतात. त्या पसरल्या तरी हा आकडा ७० च्या जवळपास राहतो, कारण केमोला त्या उत्तम दाद देतात. एपिथेलियलमध्येही सगळे उपप्रकार सारखे नाहीत:

- हाय-ग्रेड सीरस: केमोने आधी छान उतरतो, पण बरेचदा उलटतो.
- क्लिअर सेल, म्युसिनस: लवकर सापडले तर बरं, पसरल्यावर नेहमीच्या केमोला फारसे जुमानत नाहीत.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसती स्टेज नको, हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला गाठीचा प्रकार) आणि ग्रेडही (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) वाचा. एपिथेलियल असेल तर बीआरसीए तपासणीचं (या जनुकांत बिघाड आहे का ते पाहणारी) विचाराच, ऑलापॅरिबसारखी कर्करोगावरची गोळी त्यावर ठरते. मात्र हे आकडे काही वर्षांपूर्वी निदान झालेल्या बायकांचे आहेत, आणि एकाच स्टेजच्या दोघींतही ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसणारा रोग पूर्ण निघाला की नाही याने मोठा फरक पडतो.