नागपुरात मतदानाच्या दिवशी केंद्रावर स्वयंसेवक म्हणून काम करता येतं का?

येतं, पण टेबलामागे बसून नाही. शाई लावणं, यादीत नाव शोधणं, यंत्र सांभाळणं ही कामं निवडणूक ड्युटी लागलेले कर्मचारीच करतात. मी शिक्षक आहे, २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मीही त्यांच्यात होतो.

तुम्ही कॉलेजात असाल तर एनएसएस किंवा एनसीसीच्या सरांना आधीच भेटा. त्यांच्याकडून पाठवलेली मुलं दिव्यांग आणि वयस्क मतदारांना व्हीलचेअरवरून आत नेतात, रांग दाखवतात. या कामाला कमी समजू नका. आमच्या केंद्रावर एक आजी दारातूनच परत निघाल्या होत्या. एका मुलीने त्यांना हात धरून आणलं.

आतली प्रक्रिया पाहायची असेल तर उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी व्हा. त्यासाठी नमुना १० या फॉर्मवर उमेदवाराकडून नेमणूक लागते. सरकारी नोकरीत असाल तर मात्र कायद्याने मनाई आहे. मतदान सातला सुरू होणार असेल तर साडेपाचलाच पोहोचा. तेव्हा प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी होते, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मतयंत्रातल्या आकड्यांशी जुळवतात आणि यंत्र पुन्हा शून्यावर आणतात. हे प्रत्येकाने एकदा तरी डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी नमुना १७-ग ची प्रत घेतल्याशिवाय निघू नका, त्यात केंद्रावरच्या एकूण मतांचा हिशेब असतो.

लोकसभेची निवडणूक एप्रिलमध्ये आली तर आपलं ऊन माहीतच आहे. दुपट्टा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा जी.