गंज, ऑक्सिडीभवन आणि सोनाराचा टाकणखार

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलांनी ‘झिर्कोनियम डायबोराइड आणि सिलिकॉन कार्बाइडचं संमिश्र कितीही तापलं तरी गंजत नाही’ असं लिहिलं. ‘गंजणे’ इथे चालेल का? आणि ‘अब्लेशन’ला, म्हणजे प्रचंड उष्णतेनं पृष्ठभाग उडून जाण्याला, मराठीत काय म्हणावं?

हे संमिश्र म्हणजे अतिवेगवान विमानांच्या कडांसारख्या जागी प्रचंड उष्णता सोसणारं सिरॅमिक. ‘गंजणे’ नाही चालणार. गंज लोखंडाचा, ओलाव्यानं धरणारा. (आपल्याकडे स्वयंपाकघरातला गंज, म्हणजे भांडं, वेगळा, तो बाजूला ठेवू.) पण मला खरी चीड येते ती ‘ऑक्सिजनचा काही परिणाम होत नाही’ या वाक्याची. जिथेतिथे ऐकू येतं आणि साफ चुकीचं आहे. या पदार्थांचा ऑक्सिजनशी संयोग होतोच, आणि त्यातून जे तयार होतं तेच त्यांना वाचवतं. म्हणून विश्वकोशातलं ‘ऑक्सिडीभवन’ घ्या. शाळेच्या पुस्तकांतल्या ‘ऑक्सिडीकरणा’त कोणीतरी करणारा लागतो, इथे तर ते आपसूक होतं.

आता बोरॉनकडे या, गंमत तिथे आहे. झिर्कोनियम डायबोराइड तापलं की त्यावर झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा, सच्छिद्र थर चढतो आणि सोबत बोरॉन ऑक्साइड तयार होतं. ते 450 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, छिद्रांत भरतं आणि हवेची वाट अडवतं. बोरॉनची हीच करामत गावातला सोनार पिढ्यान्‌पिढ्या वापरत आला आहे. दागिना झाळताना तो टाकणखार, म्हणजे सवागी, लावतो. ती वितळून काचेसारखी पसरते, धातूवरचे ऑक्साइड विरघळवते, वर हवा लागू देत नाही. सवागी हे बोरॉनचंच संयुग.

टाकण म्हणजे संस्कृत ‘टंकण’. हाच शब्द फारसीत ‘तिनकार’ झाला आणि पुढे इंग्रजीत कच्च्या सवागीला ‘टिंकल’ म्हणू लागले. काही विद्वान सांगतात की टंकण हे उत्तरेकडच्या लोकांचं नाव, ते तिबेटकडून हा खार आणत म्हणून खाराला त्यांचं नाव पडलं. मला हे अजिबात पटत नाही. माल विकणाऱ्याला मालावरून नाव पडणं जास्त स्वाभाविक आहे. संस्कृत क्रियापदांची मुळं देणाऱ्या धातुपाठात ‘टकि बन्धने’ असं स्वच्छ दिलं आहे: टंक् म्हणजे बांधणं, जोडणं. शिवणातला टाका त्याच कुळातला. हिंदीत ‘टाँका’ म्हणजे शिवणही आणि झाळणही. जोडकामाला लागतो तो टंकण. यासाठी हिमालयापार जायची गरजच काय? कळफलकावरचं टंकण मात्र यातलं नाही. ते टंक म्हणजे छिन्नी, ठसा यावरून, टांकसाळीच्या घरचं.

बोरॉन ऑक्साइड साधारण 1100–1200 अंशांपुढे झपाट्यानं उडून जातं. म्हणून तर सिलिकॉन कार्बाइड घालतात, बहुधा घनफळाच्या 20 टक्क्यांच्या आसपास. त्याचं सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं ऑक्साइड, होतं, उरल्यासुरल्या बोरॉनसह चिकट काच बनते आणि ती 1600 अंशांच्या आसपासपर्यंत पृष्ठभाग झाकून ठेवते. त्याहून वर तीही विरू लागते. या थराखाली, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोचतो, तिथे सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉन मोनॉक्साइडचा वायू होऊन निसटतं आणि पोकळ थर मागे उरतो. शेवटी तग धरतो तो झिर्कोनियाचा सांगाडा. त्याचा वितळणबिंदू सुमारे 2700 अंश.

राहिलं अब्लेशन. ‘झीज’ म्हटलं की घासणं डोळ्यांपुढे येतं. इथे तापलेल्या वायूचा झोत पृष्ठभाग वितळवतो, उडवतो, सोलून नेतो. संस्कृत ‘क्षर्‌’मध्ये वाहून जाणं आणि नाश पावणं, दोन्ही आहेत, म्हणून ‘तापक्षरण’ म्हणा. अतिवेगवान विमानाच्या धारदार कडेला ते नकोच असतं, कारण कडेचा आकार बिघडला की उड्डाण बिघडतं. अपोलो यानांच्या उष्णता-ढालीत मात्र ते मुद्दाम होऊ देत: ढाल जळत, सुटत जाई आणि उष्णता सोबत घेऊन जाई.