प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे काच की प्लॅस्टिक?

दिव्याजवळ अ‍ॅक्रिलिक हे पारदर्शक प्लॅस्टिक लावायचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लॅस्टिक थोडं जास्त सोसतं, पण तिथे बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काचच हवी. साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश ती प्रसरण पावते, म्हणून मध्यभाग तापला आणि कडा गार राहिल्या तरी सहसा तडकत नाही. टफन्ड, म्हणजे उष्णता देऊन कणखर केलेली काच घेणार असशील तर माप आधीच पक्कं कर. नंतर कापायला गेलास की चुरा होतो. चौकटीत काच आवळू नकोस, कडेला मिलिमीटरभर जागा सोड. फ्रेनेल लेन्स, म्हणजे गोल खाचांची पातळ, सपाट लेन्स, बहुधा अ‍ॅक्रिलिकचीच असते, तेव्हा ही काच दिवा आणि लेन्स यांच्यामध्ये बसव. पंख्याची हवा मात्र काचेच्या दोन्ही अंगांनी खेळली पाहिजे, नाहीतर तापलेली काचच लेन्सला वाकवेल.