मावसभावाला मागच्या वर्षी मोबाईल चोरीत शिक्षा झालीये, आता नाशिकरोडला परत चोरीची केस, शिक्षा वाढेल का?

हो, वाढू शकते, आणि दोषी ठरला तर यावेळी नुसता दंड भरून सुटणं अवघड आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम ३०३(२) मध्ये साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण दुसऱ्यांदा दोषी ठरलं की किमान एक वर्ष ते पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर दंड. म्हणजे 'किंवा'चा 'आणि' होतो, खरा फटका तिथेच बसतो. पाच हजारांच्या आतली चोरी, वस्तू परत केली की समाजसेवेवर सुटका, ही सवलत पण फक्त पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला. कलम १३ तर अजून कडक, तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेचा मालमत्तेचा गुन्हा एकदा सिद्ध झालेला असताना परत तसाच केला तर दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं (साध्या चोरीत एवढं कोर्ट सहसा देत नाही). मी नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) कोर्टात एका वकिलांकडे कारकुनी करतो, फाईली रोज हाताखालून जातात म्हणून सांगतोय.

फक्त एक, मागे नुसती केस असून चालत नाही, दोषी ठरल्याचा निकाल असावा लागतो. पेंडिंग केस किंवा निर्दोष सुटलेली यात धरत नाहीत, आणि वाढीव शिक्षा हवी तर जुनी शिक्षा चार्जमध्ये (कोर्ट ठेवतं त्या दोषारोपात) लिहून सरकारी पक्षाला सिद्ध करावी लागते, म्हणून जुन्या निकालाची सर्टिफाईड कॉपी काढून आधी वकिलांना दाखवा.